तेराच्या पाढ्याचा पुजारी

आमच्या घराण्यात आजवर एकच पुजारी झाला, आणि तो मी.

ही अभिमानाची गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या आबांना भेटावं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी धम्म घेतला, त्या दिवशी घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीला पोचवले आणि येताना टोपलीसुद्धा परत आणली नाही. (माय अजून त्या टोपलीसाठी हळहळते. देवांचं तिला काही नाही, पण टोपली शेणाला लई चांगली होती म्हणे.) अंगारा, भगत, भूत, उतारा यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अशा माणसाच्या पोटी पुजारी निपजावा, आणि तोही हात वर करून भुतं पळवणारा!

पण आधी शाळेचं सांगायला पाहिजे. सगळी भानगड तिथून सुरू होते.

आमचं गाव परंडा तालुक्यातलं. मी आठवीत होतो आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळा गाव रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेला. आबांनी मला बजावलं, "गावाला खडी फोडू दे. तू पुस्तक फोड." पण वर्गात मी, मास्तर आणि एकोणतीसचा पाढा असे तिघंच उरलो होतो, आणि त्या पाढ्याला मी फार भ्यायचो. एक दिवस पाटी घरी ठेवली आणि खडीवर गेलो. तिथं खायला सुकडी मिळायची आणि पाढे कुणी विचारत नसे.

आबांनी मारलं नाही. बोलायचं बंद केलं.

त्यांना काही सांगायचंच असलं, तर ते आमच्या शेळीला सांगायचे. "शेळीबाई, ज्याला शाळा नको त्याला म्हणावं, चुलीवर कालवण हाय." शेळी माझ्याकडं बघायची. मी जेवायचो. (पुढं ती शेळी विकली, तेव्हा घरात माझ्याएवढं कुणी रडलं नाही. आबांचा माझ्याशी बोलायचा एकुलता एक रस्ता बाजारात गेला होता!)

मग हॉटेलात कपबशा, मग एका कॅन्टीनात भाकऱ्या, असं करत करत मी बोअरच्या गाडीवर स्वयंपाकी म्हणून लागलो. गावोगाव फिरून हापशासाठी बोअर पाडायची ती गाडी. एका परदेशी मदत संस्थेनं दिलेली. हे काम मला मिळवून दिलं ते ड्रायव्हर बशीरभाईंनी. त्यांचे उपकार मी रोज त्यांच्या पहिल्या चहात एक चमचा साखर जास्त घालून फेडायचो, आणि ते रोज म्हणायचे, "सिद्धू, शक्कर कम डाल रे! मेरेकू मारता क्या?"

गाडीवर माणसं मोजकीच. बशीरभाई. मशीन चालवणारे अणदूरचे गोविंदराव: मिशा अशा की त्यांवर लिंबू ठरावं, आणि पाल दिसली की कंप्रेसरवर चढून बसणारे. आणि राबर्टसाहेब. जमिनीत पाणी कुठं आहे ते शोधणारे. लांबलचक, गोरेपान, उन्हानं नाक सोललेले. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळं जेवायला बसले की म्हणायचे, "कृपया आणखी एक भाकरी मिळावी, ही नम्र विनंती." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून त्यांना चार वाढल्या.

दिवसभर मशीनचा आवाज असायचा तोवर बरं होतं. संध्याकाळी मशीन थांबलं की माळ एकदम मोठा व्हायचा. गोविंदराव अणदूरच्या दिशेला तोंड करून बसायचे, बशीरभाई रेडिओची खुंटी पिळायचे, मी परंड्याकडं बघत कांदा चिरायचो. (डोळ्यांतून पाणी आलं तर कांद्याचं आहे म्हणता यायचं. स्वयंपाक्याच्या धंद्यात एवढी एक सोय आहे.) राबर्टसाहेबांना तर त्यांचं गाव नेमकं कुठल्या दिशेला, हेही त्या माळावरून दाखवता येत नव्हतं. एकदा विचारलं तर त्यांनी खाली जमिनीकडं बोट केलं: पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून एक खोकं काढलं. आत बारकी पुस्तकं आणि फासे. फासे तरी कसले! एक चार टोकांचा, एक आठ बाजूंचा, आणि एक तर वीस बाजूंचा, बोरासारखा गरगरणारा.

"हा खेळ एकट्याने खेळता येत नाही," साहेब म्हणाले. "आपण यावे."

आता बोअरच्या गाडीवर साहेबानं 'यावे' म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

खेळात सोंगट्या नव्हत्या, पट नव्हता. साहेब सांगायचे की तुम्ही एका भुयारात आहात, समोर असं असं आहे, काय करता? मग आपण सांगायचं. पण त्याआधी आपण कोण ते ठरवायचं. तीन फासे टाकायचे आणि बळ किती ते बघायचं. पुन्हा टाकायचे, बुद्धी किती. पुन्हा टाकायचे, शहाणपण किती. जे जास्त येईल, त्याप्रमाणं धंदा निवडायचा: लढवय्या, जादूगार, पुजारी किंवा चोर.

मी फासे टाकले. बळ नऊ. बुद्धी सहा. (आठवीच्या मास्तरांनीही एवढीच सांगितली होती, आणि तीही फाशाशिवाय.) मी खाली मान घालून चुलीकडं निघालो, तर साहेब ओरडले, "थांबावे! शहाणपण राहिले!"

टाकले. सहा, सहा आणि पाच.

"सतरा!" साहेब उठून उभेच राहिले. "फार उच्च! आपण पुजारी!"

मला कुणी शहाणा म्हणायची ती जन्मातली पहिली वेळ. त्या भरात आपण काय झालो, याकडं माझं लक्षच गेलं नाही. मी साहेबांना दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

बाकीच्यांचं ऐका. बशीरभाई, ज्यांना रस्त्यात सापडलेला स्पॅनर परत करायला दोन गावं मागं जाताना मी पाहिलंय, ते झाले चोर. "या अल्ला," म्हणाले, "घर कू मत बोलना." गोविंदरावांना बुद्धी जास्त पडली, म्हणून ते जादूगार. आता जादूगाराचा नियम असा की अंगात चिलखत नाही, हातात तलवार नाही, आणि जीव चार टोकांच्या फाशाएवढा.

"तलवार न्हाय?" गोविंदराव मिशीवरचा हात काढून म्हणाले. "मग काय?"

"सुरा चालेल."

"आवो, आमच्यात कांदा चिरणाऱ्याकडं बी सुरा असतोय!"

"पुजाऱ्याला तोही चालत नाही," साहेबांनी पुस्तकात बघून सांगितलं. "पुजारी धारेचे शस्त्र वापरत नाही. फक्त ठोकण्याचे."

सगळ्यांनी माझ्या हातातल्या सुरीकडं बघितलं. त्या दिवसापासून गाडीवर कांदा बुक्कीनं फुटायला लागला. गोविंदरावांची सक्त नजर असायची. "सिध्या, धार लावतूस व्हय रं? पुजारी हायेस ना?"

आणि लढवय्या? लढवय्या कुणीच नव्हतं. एक पुजारी, एक जादूगार, एक चोर, आणि तिघंही भित्रे. रोज भुयारात शिरायचो आणि रोज मरून वर यायचो, जेवायच्या आत. (जिवंत राहिलं तरच पुढची पायरी चढता यायची, त्यामुळं आम्ही सगळे कायम पहिल्याच पायरीवर.)

माझं काम मात्र एक होतं. भुयारात मेलेली माणसं उठून चालत आली की पुजाऱ्यानं हात वर करून त्यांना परतवायचं. फासा चांगला पडला तर ती पळतात. साहेबांचं म्हणणं, नुसता फासा टाकायचा नाही, काहीतरी म्हणायचं, उभं राहून, आवेशानं. आता मी काय म्हणू? मंत्र आमच्या घरात कधी कुणी म्हटला नव्हता. प्रेतं पुढं यायला लागली, बशीरभाई ओरडले, "बोल रे कुछ तो बी!" आणि माझ्या तोंडून जे पाठ होतं तेच बाहेर पडलं.

"तेरा एके तेरा! तेरा दुणे सव्वीस! तेरा त्रिक एकोणचाळीस!"

फासा पडला अकरा. प्रेतं पळाली! (मला नवल नाही वाटलं. एकोणतीसच्यानं तर मी स्वतः पळालो होतो.)

तेव्हापासून तो माझा मंत्र झाला. त्या मळकट बैठकीवर, कंदिलाभोवती, तेराचा पाढा म्हणताना मला पहिल्यांदा कुठंतरी घरी असल्यासारखं वाटायला लागलं. आणि अशात एक दिवस बशीरभाईंनी गाडी वळवली ती माझ्याच गावाच्या रस्त्याला.

बोअर पडणार होती आमच्या वस्तीत. वस्तीला पाणी ओढ्याच्या पलीकडून आणावं लागायचं. तिथं हापसा बसणार, आणि तो बसवणाऱ्या गाडीवर मी! माझ्या मनात एकच होतं. आबा बघतील. पाणी लागेल. आणि त्या गडबडीत का होईना, पण माझ्याशी बोलतील. शेळीशिवाय.

माय पहिल्याच दिवशी माळावर येऊन गेली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, साहेबांच्याही फिरवला. (साहेब लांब, म्हणून त्यांना वाकावं लागलं.)

"आबा कसे हायत?" मी विचारलं.

"हायत की. तुझं नाव काढलं की पेपर वाचतेत."

"येतील का?"

"उद्या भाकर देऊन त्येन्लाच पाठवती. म्या म्हणती, माझा पाय दुखतुया."

मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून आंघोळ करून तयार. दिवसभर आबा आले नाहीत. संध्याकाळ झाली, दिवा लागला. साहेबांनी खोकं उघडलं. मी म्हटलं, आज नको. बशीरभाई म्हणाले, "अब्बा आनेवाले नै अब. बैठ."

बसलो. नेमकी त्याच दिवशी भुयारात प्रेतांची फौज निघाली. गोविंदराव एका फटक्यात मेले (चार टोकांचा जीव तो केवढा!), बशीरभाई खांबामागं लपले, आणि मी उभा राहिलो. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, आवाज टिपेचा.

"तेरा पंचे पासष्ट! तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तेरा साती... तेरा साती..." घाबरल्यामुळं पुढचं आठवेना. "तेरा साती अठ्ठ्याण्णव!"

"एक्क्याण्णव," मागून आवाज आला.

मी डोळे उघडले. कंदिलाच्या उजेडात भाकरीचं फडकं धरून आबा उभे होते. इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द तो! त्यांनी एकदा माझ्या वर केलेल्या हातांकडं पाहिलं, एकदा जमिनीवर मेल्यासारखे पडलेल्या गोविंदरावांकडं, एकदा फाशांकडं. फडकं दगडावर ठेवलं आणि निघून गेले.

माझे हात तसेच वर होते. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

गोष्ट इथं संपली असती तरी मी जन्मभर पुरेल एवढा रडलो असतो. पण कुंपणापलीकडून गावातली चार माणसंही बघत होती, आणि उजाडायच्या आत गावभर झालं की बोअरच्या साहेबानं गाडीवर भुतं उतरवणारा एक भगत ठेवलाय, मेलेला ऑपरेटर त्यानं जिवंत करून जेवायला बसवला!

सकाळी मी बुक्कीनं कांदे फोडत होतो, तर समोर म्हैस. म्हशीमागं दूध सोसायटीच्या चेअरमनच्या घरच्या काकू.

"म्हाराज," त्या म्हणाल्या आणि मग निरखून बघितलं. "आगं बया! ह्यो तर वस्तीवरला सिध्या!"

"व्हय काकू. म्या भगत न्हाय. सयपाक करतो."

"असू दे, असू दे." त्या इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "भुताला कुठं कळतंय कोण कुठल्या वस्तीवरलं! हिला बाधा झालीय. धार देत न्हाय. सोसायटीत आमचंच दूध न्हाय म्हंजे लोक हसतेत. म्हण तुजं ते."

"काकू, ते..."

"म्हणतूस का चेअरमनला बोलवू?"

मी म्हटलं. भीतीपोटी माणूस काय म्हणत नाही? तेरा दाहे एकशेतीसपर्यंत आलो, तेवढ्यात काकूंचं सुटलेलं रेडकू धावत आलं, म्हशीच्या कासेला लागलं, आणि म्हशीनं पान्हा सोडला! कुणी रेडकाकडं बघितलंच नाही. सगळे माझ्याकडं!

त्यानंतर माळावर जत्रा भरली. कुणाची सून जेवत नव्हती, कुणाचा नवरा घरी थांबत नव्हता. एक उमेदवार सोसायटीच्या निवडणुकीसाठी "एखादा मोठा पाढा असंल तर बघा" म्हणाला. एका म्हाताऱ्याची दाढ दुखत होती. गोविंदराव रांग लावायला लागले (त्यांना स्वतःला पालीवर काही मिळतं का, हे शेवटी विचारायचं होतं). मशीन बंद पडलं, कारण मशीनपाशी जायला वाटच नव्हती. बोअर अडली. वस्तीचं पाणी अडलं. माझ्यापायी!

आणि तेव्हा आबा आले.

त्यांनी रांगेच्या तोंडाशी उभं राहून आवाज लावला. "घरी जावा समदे! पाढा हाय त्यो! तेराचा! शाळेत फुकट मिळतुया!"

दाढेवाला म्हातारा म्हणाला, "मग शाळेतल्या मास्तरची दाढ कशी काय दुखती?"

"त्येला तेरावरचे येत न्हायत म्हणून!" आबा कडाडले. "आन म्हशीनं रेडकू बघून पान्हा सोडला. तुमी बी घरी जाऊन आपापली रेडकं बघा!"

माणसं पांगली. आबा माझ्याकडं न बघता सरळ साहेबांसमोर गेले. मी भाकरीच्या परातीमागं बसलो. आता माझं काम जाणार, हे नक्की होतं. बाप तर आधीच गेला होता.

"जय भीम," आबा म्हणाले.

"जय भीम," साहेब म्हणाले. "आपण आसनस्थ व्हावे, ही विनंती."

आबा चपापले. मग त्यांनीही घसा साफ केला. आबांनी आयुष्यभर वस्तीसाठी कचेरीत अर्ज लिहिले होते. "सदरहू इसम माझा मुलगा असून तो पुजारी का करण्यात आला, याचा खुलासा व्हावा."

बशीरभाई माझ्या कानात पुटपुटले, "दोनो की जबान एकच है रे!" खरंच होतं. पुस्तकातून आलेली आणि कचेरीतून आलेली, अशा दोन मराठ्या त्या माळावर पहिल्यांदा भेटत होत्या आणि त्यांचं फारच छान जमत होतं.

साहेबांनी खोकं उघडून सगळा खेळ समजावला. आबा पेपर वाचताना करतात तशा भुवया वर करून ऐकत होते.

"म्हंजे जन्मावरनं काय ठरत न्हाय?"

"नाही. फासे पडतात, मग माणूस निवडतो."

आबा हळूच वळले आणि परातीमागं बघून म्हणाले, "आयुष्यात एकदा निवडायला मिळालं, आन तू पुजारी निवडलंस?"

"आबा, शहाणपण सतरा पडलं..."

"दिसतंयच! बरं, ह्या पुजाऱ्याला मंत्र किती येतेत?"

"पहिल्या पायरीवर एकही नाही," साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"हां, म्हंजे खेळ बनवणाराला अनुभव हाय." आबा जरा मऊ झाले. पुस्तक हातात घेऊन चित्रं बघायला लागले. एका चित्रावर थांबले. "ह्यो बुटका, दाढीवाला, ह्यो कोण?"

"ती वेगळी जात आहे. बुटके. खाणीत राहतात, दगड फोडतात."

"खडी?" आबांनी मान वर केली. "मग ह्येनं काय काय व्हायचं?"

साहेब चाचरले. "तो फक्त लढवय्या होऊ शकतो. नियम आहे. आणि सहाव्या पायरीच्या वर चढू शकत नाही."

गोविंदरावांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

"का?" आबा म्हणाले.

"नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"ज्यांनी खेळ केला त्यांनी."

"त्येंच्यात बुटकं कोण हुतं?"

साहेबांनी बराच विचार केला. "बहुतेक कोणी नव्हते."

"मग!" म्हणून आबांनी पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं आणि खिशातली पेन्सिल काढली.

राबर्टसाहेब भला माणूस. त्यांनी ती ओळ खोडली आणि आबांनी सांगितलं तसं शेजारी लिहिलं: कुणीही काहीही व्हावं, कितीही चढावं. आबांनी खाली सही करायला लावली. साक्षीदार म्हणून गोविंदराव आणि बशीरभाई. (माझी सही घेतली नाही. पुजारी हा हितसंबंधी इसम असतो म्हणे!)

"आता म्या बुटका हुणार," आबा म्हणाले. "आन लढवय्याच हुणार. आता कुणी लादलं न्हाय, आता लढतो."

त्या संध्याकाळी आमच्या टोळीला लढणारा माणूस मिळाला, आणि आम्ही पहिल्यांदा जेवणापर्यंत जिवंत राहिलो. आबा मला 'सिध्या' म्हणाले नाहीत. पण प्रेतं आली की म्हणायचे, "पुजारीबुवा, मागं सरा!" मी पाढा सुरू केला की मध्येच विचारायचे, "तेरा साती?" मी म्हणायचो, "एक्क्याण्णव!" आणि ते म्हणायचे, "हां. आता जावा फुडं." शेळी गेल्यापासून एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो. आपण होऊन त्यांना माझ्याशी बोलता येत नव्हतं, मला कळत होतं. बुटक्याला येत होतं. माझं तेवढ्यावर पोट भरत होतं. मी सगळ्यांना चार चार भाकऱ्या वाढत होतो.

मशीन पुन्हा चालू झालं. पाणी लागलं. हापसा बसला. पहिली कळशी मायनं भरली आणि वस्तीतल्या बायकांनी आबांना विचारलं, "सिध्या काय करतुया हो तिकडं?"

मी कान टवकारले. आजवर ह्या प्रश्नाला आबा पेपर वाचायचे.

"सयपाक करतुया," आबा म्हणाले. "आन खेळात पुजारी हाय. पण म्या समजावतोय त्येला."

गाडी निघाली, तेव्हा ते हापशापाशी उभे होते. खेळ संपला होता, बुटका खोक्यात गेला होता. मला वाटलं, आता पुन्हा पेपर. पण ते चालत्या गाडीसोबत दोन पावलं आले आणि म्हणाले, "सिध्या! पायरी वाढली की कळव."

त्याला आता वर्षं झाली. राबर्टसाहेब त्यांच्या गावी गेले, जमिनीच्या खाली. जाताना वीस बाजूंचा फासा मला देऊन गेले. बशीरभाईंच्या मेहुण्याच्या ओळखीनं मी इथं आखातात, तेल कंपनीच्या मेसमध्ये लागलो. काम चांगलं आहे, पगार वेळेवर आहे, तक्रार करायला मला तोंड नाही. फक्त संध्याकाळी मशीनं थांबली की इथलाही माळ मोठा होतो, आणि हा माळ तर संपतच नाही. खोलीतली माणसं भली आहेत, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. खेळ शिकवून बघितला. त्यांना वाटलं मी जुगार लावतोय. मग आता एकटाच खेळतो. भूतही मीच, पुजारीही मीच. (सध्या भूत पुढं आहे.) पण साहेब म्हणाले होते ते खरं होतं. हा खेळ एकट्यानं खेळता येत नाही, आणि एकट्यानं पायरीही चढता येत नाही.

घरून पत्राऐवजी बोलून भरलेली कॅसेट येते. आधी माय रडते, मग कोंबडा आरवतो, मग हापशाचा कुईकुई आवाज (मुद्दाम चालवून दाखवतात), आणि शेवटी आबा. "पायरी कितवी?" एवढंच.

मी तरी काय सांगणार? त्यांना बरं वाटावं म्हणून उत्तराच्या कॅसेटमध्ये दर वेळी एकेक पायरी चढत गेलो. चौथी, पाचवी, सहावी. मागच्या वेळी सांगितलं, सातवी. त्यावरची त्यांची कॅसेट काल आली. माय रडली, कोंबडा आरवला, हापसा वाजला. मग आबा.

"सातवी झाली, लई चांगलं. आता आठवी सोडायची न्हाय. आन तितं कुणी वर चढू देत नसंल तर सांग. म्या येतो पेन्सिल घिऊन."

कसं सांगू त्यांना? आबा, मला इथं कुणी अडवलेलं नाही. नियम तुम्ही खोडलात, समुद्र मी ओलांडला, एवढ्या लांब वाळवंटात येऊन लपलो, आणि इथंही शेवटी माझ्यापुढं तीच आठवी येऊन उभी राहिली!